अढीच्या खोलीतला कॉम्प्युटर

डोळे मिटायला सांगत नाही, उघडेच ठेव. फक्त वाचता वाचता माझ्याबरोबर मनात एक खोली बांध. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आतून चुना लावलेल्या. खिडकी एकच, तीही घट्ट बंद. दार लोटलेलं. वर पंखा फिरतो आहे, पण तीच ती गरम हवा ढवळतो आहे. मे महिना आहे, गाव रत्नागिरी, आणि कपडे पाठीला चिकटलेले आहेत.

आता त्या खोलीच्या जमिनीवर भिंतीलगत भाताचा पेंढा पसर. त्यावर कच्चे हापूस आंबे ओळीने मांड, एकाला एक लागून. वरून पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे, पुन्हा पेंढा. ही झाली आंब्याची अढी. पेंढ्यात ऊब कोंडते आणि त्या उबेने आंबा हळूहळू पिकतो. वास आला ना? गोड, जड, थोडा गवताचा.

त्या अढीला लागूनच एक टेबल ठेव. टेबलावर टीव्हीएवढा बोजड मॉनिटर आणि टेबलाखाली, जमिनीवर उभी, पांढरट रंगाची लोखंडी पेटी. तिला घरात सगळे सीपीयू म्हणायचे. साल दोन हजार तीन. त्या गल्लीतला तो पहिला कॉम्प्युटर.

समोरच्या खुर्चीत हुदा बसली आहे. वय अकरा. तिच्या शेजारी स्टूल आहे, त्यावर तू बस.

कॉम्प्युटर अढीच्या खोलीत कसा आला, ते आधी सांगतो. हुदाचे अब्बा कुवेतला एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. हुदाची मोठी बहीण उझमा डिप्लोमा करत होती, तिच्यासाठी त्यांनी हा कॉम्प्युटर घेऊन दिला. फोनवर त्यांनी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट बजावली होती. "समुद्राची हवा खारी असते. आत शिरली तर सगळं गंजेल. खिडकी उघडायची नाही." अम्मीनं, म्हणजे नसीमानं, ते शब्द मनावर घेतले. नंतर आंबे उतरले. अढीलाही वारा चालत नाही आणि खिडकी उघडी दिसली की वानर आत शिरतात. अम्मी म्हणाली, "दोघांनाही बंद खोलीच लागते, मग दोन खोल्या कशाला बंद करायच्या?" आणि अढी कॉम्प्युटरच्या मागेच घातली. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नसतं.

अढी घातल्यापासून कॉम्प्युटर मधेच बंद पडू लागला. उझमा विजेला नावं ठेवायची. "व्होल्टेज नाही, दुसरं काय!" थोडा वेळ थांबायची, परत चालू करायची, आणि तिचं काम पुढे सरकायचं.

ते काम म्हणजे तिचा प्रकल्प. भाट्याच्या खाडीत बायका खडकावरची कालवं कशी काढतात, त्यावर तिने चार महिने लिहिलं होतं. चिखलात उभं राहून, बायकांशी बोलून, रात्री टाइप करून. सोमवारी ते छापून द्यायचं होतं. फ्लॉपीवर उतरवून ठेवलेली प्रत दमट हवेने बिघडली होती, उघडतच नव्हती. म्हणजे ते चार महिने आता फक्त त्या पांढरट पेटीत होते, दुसरीकडे कुठेही नाही. त्या दुपारी उझमा नव्या फ्लॉपी आणायला बाजारात गेली आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "हुदा, मी येईपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही. ऐकलंस?"

"ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"बोटसुद्धा नाही."

अम्मी पूर्णगडला मावशीकडे गेली होती, ती उद्या येणार. घरात हुदा एकटी. आणि गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, सुजय आला.

सुजय शेजारचा, हुदाच्याच वर्गातला. त्याला मोटारींच्या शर्यतीचा गेम सोडून दुसरं काही सुचत नसे.

"एकच रेस गो," तो म्हणाला. "मी जिंकलो की बंद."

"आणि मी जिंकले तर?"

"तू कशी जिंकशील? तुझी गाडी दर वळणाला झाडावर चढते. वानर चालवतोय जसा."

"तुझ्यापेक्षा वानर बरा चालवील, मेल्या. सरक."

अशा रीतीने एक शर्यत झाली. मग दुसरी, कारण पहिलीत सुजयने तिला ढकललं होतं. मग तिसरी, कारण दुसरीत कोणीच नीट जिंकलं नव्हतं.

इथे एक गोष्ट लक्षात घे. कॉम्प्युटरवर अक्षरं टाइप करणं म्हणजे ओटीवर बसून शेंगा सोलण्यासारखं आहे. पेटीला फारसा दम लागत नाही. गेम खेळणं म्हणजे डोक्यावर ओझं घेऊन रत्नदुर्गाचा चढ पळत चढणं. रस्ता, झाडं, गाड्या, आवाज, सगळं तिला क्षणाक्षणाला नव्याने रंगवावं लागतं. पळणारा माणूस तापतो, तशी पेटी तापते. माणूस घामाने निवतो. पेटीला घाम येत नाही, तिच्याकडे एक पंखा असतो. तो आतली गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर फेकतो. टेबलाखालचा तो पंखा मघापासून किंचाळत होता. पण गाड्यांच्या आवाजात तो कुणाला ऐकू जाणार?

तिसऱ्या शर्यतीत हुदा पुढे होती. शेवटचं वळण आलं. आणि गाडी थांबली.

नुसती गाडी नाही, सगळंच थांबलं. झाडं, ढग, मागची सुजयची लाल गाडी. इंजिनाचा आवाज मात्र थांबला नाही. तो एकाच जागी अडकला आणि घर्रर्र करत राहिला, दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा. हुदाने एक बटण दाबलं. मग दुसरं. मग सगळी. काहीच हललं नाही.

"तू काय केलंस?" सुजय ओरडला.

"मी काही नाही केलं!"

मग पडदा काळा झाला. आवाज एकदम तुटला. खोलीत इतकी शांतता झाली की वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. त्या कुरकुरीखाली, टेबलाखालून, अगदी बारीक आवाज येत होता. टिक. टिक. टिक. तापलेलं लोखंड निवताना करतं तसा. पण हुदाला तो कुणीतरी आत बसून दात वाजवत असल्यासारखा वाटला.

तिने पेटीचं बटण दाबलं. दिवा लागला, पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि विझली. पुन्हा दाबलं. या वेळी अक्षरंही आली नाहीत. पेटीने आतून एक लांब शीळ घातली आणि गप्प झाली.

"मेला," सुजय हळूच म्हणाला.

"गप बस."

"आमच्या काकाचा टीव्ही असाच गेला. आधी आवाज, मग वास, मग फट्." त्याने नाक वर केलं. "वास येतोय गो."

येत होता. आंब्याचाच, पण रोजचा नव्हे. आंबट, उकडल्यासारखा, आणि त्यात धूळ भाजल्याचा. दोघांनी एकाच वेळी पेंढ्याकडे पाहिलं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुका पेंढा पसरला होता. एक ठिणगी पुरली असती.

हुदाने खाली वाकून पेटीवर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला. चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी ती गरम होती.

आता विचार कर, तिला काय वाटलं असेल. आत उझमाआपाचे चार महिने होते. चिखलातून आणलेले. आगीत सापडलेला कागद आपल्याला जळताना दिसतो. पण लोखंडाच्या पेटीत काही जळत असेल तर ते कसं कळणार? आतला प्रकल्प आहे की गेला? की आत्ता, ती बघत असतानाच, ओळीओळीने जातो आहे?

"ताप आलाय त्याला," सुजय म्हणाला. "ताप आला की माझी आई कपाळावर ओली पट्टी ठेवते."

घाबरलेल्या माणसाला कोणीही काहीही सुचवलं तरी ते शहाणपणाचं वाटतं. हुदा धावत मोरीत गेली, टॉवेल भिजवला, अर्धाच पिळला आणि पेटीच्या डोक्यावर घडी करून ठेवला. पाणी चर्र झालं नाही. पण घडीच्या कडेला एक थेंब जमला, फुगला आणि पेटीच्या कुशीवरून खाली घसरू लागला. त्या कुशीला बारीक फटींची एक ओळ होती. फटींमागे अंधार होता आणि अंधारात तारा. पेटीचा प्लग अजून भिंतीतच होता.

थेंब घसरत होता. हुदा बघत होती. तिला हलताच येईना. थेंब फटीच्या वर बोटभर असताना ती एकदम पुढे झाली आणि फ्रॉकच्या घेराने तिने तो टिपला. टॉवेल ओढून दाराबाहेर फेकला. आता प्लग ओढायचा, म्हणून तिने हात पुढे नेला, आणि तो तसाच हवेत थांबवला. बोटं ओली होती. शाळेत बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ओल्या हाताने विजेला शिवायचं नाही. तिने हात फ्रॉकच्या मागच्या, सुक्या बाजूला पुसले. पुन्हा पुसले. भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मग प्लग ओढला.

हे तिने बरोबर केलं. तू त्या स्टुलावर बसून हे बघितलंस, तर लक्षात ठेव. यंत्र तापलं, वास आला, तर पाणी नाही. सुक्या हाताने आधी भिंतीवरचं बटण, मग प्लग. आणि घरात मोठं माणूस असेल तर ते बटणसुद्धा त्याला बंद करू द्यायचं.

"सुज्या!" गडग्यापलीकडून त्याच्या आईची हाक आली. "मेल्या, चाय निवली!"

"मी आलोच हां," सुजय म्हणाला. दारात तो थबकला. "मी इथे नव्हतो, असं सांगशील?"

उत्तराला तो थांबलाच नाही. तो गेला तो गेलाच.

आता ती खरंच एकटी होती. वास तसाच होता. प्लग ओढला तरी वास का जात नाही? काहीतरी अजून जळतं आहे काय? तिला धावत बाहेर जावंसं वाटलं. पण मागे घर पेटलं तर? ती तिथेच उभी राहिली. मग नाक पुढे करून, मांजरासारखी, वास कुठून येतो ते शोधू लागली. पुढून नाही. वरून नाही. टेबलाच्या मागून येत होता.

ती गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखालून आत सरकली. तिथे अंधार होता, तारांचा गुंता होता. पेटीची पाठ थेट अढीत रुतली होती. पेंढा सरकत सरकत येऊन तिला घट्ट बिलगला होता. पंख्याची गोल जाळी दिसतच नव्हती. धूळ, भुसा आणि पेंढ्याचं बारीक तूस यांची जाड गोधडीच तिथे बसली होती.

हात घालावा की नाही? आत विंचू असू शकतो. आत निखारा असू शकतो. पण अढीत हात घालणं हे तिचं रोजचं काम होतं. रोज सकाळी अम्मी आणि ती दोघी पेंढ्यात हात घालून ऊब बघायच्या. कुठे जास्त ऊब लागली की अम्मी म्हणायची, "इथे तापलीय गो अढी. उकल जरा, वारा दे, नाहीतर आंबे पिकायचे नाहीत, उकडतील." आणि ती पेंढा उकलून आंबे लांब लांब मांडायची.

हुदाने श्वास रोखून पेंढ्यात हात घातला.

अढीची ऊब तिला पाठ होती. झोपलेल्या कोंबडीच्या पंखाखाली असते तेवढी. ही तशी नव्हती. ही भाकरीच्या वाफेसारखी होती. बोटांना एक आंबा लागला. ती दचकली, कारण तो आंब्यासारखा लागलाच नाही. मऊ, लिबलिबीत, गरम. तिने तो बाहेर काढला. एक बाजू पिवळी होती. दुसरी, जाळीकडची बाजू काळपट, सुरकुतलेली, आणि देठातून रस पाझरत होता. आंबट वास तिथूनच येत होता. त्याच्या शेजारचे आंबेही तसेच. जाळीपासून लांबचे मात्र चांगले, हिरवट पिवळे, थंड.

टेबलाखाली बसल्या बसल्याच तिच्या ध्यानात आलं. पेटी आपली गरम हवा मागून फेकत होती आणि पेंढा ती हवा तिथेच धरून ठेवत होता. पेंढ्याचं कामच ते. इतके दिवस अम्मीने एका अढीत दोन गोष्टी पिकायला घातल्या होत्या. आंबे आणि कॉम्प्युटर.

तिची भीती गेली, असं मी म्हणणार नाही. उलट तिला आता नेमकं कळलं की घाबरायचं कशाला. पण हातांना काम मिळालं. तिने पेंढा कवळ्याकवळ्याने ओढून लांब टाकला. जाळीवरची धुळीची गोधडी सुक्या बोटांनी अलगद उचलली. ती अख्खी निघाली, जाळीचे ठसे घेऊन. मग ती उठली आणि खिडकीपाशी गेली. अब्बांचा आवाज तिच्या कानात होता. तिने कडी काढली. वारा आला, खारा, गार, आणि खोलीतली हवा हलली.

आता वाट बघणं उरलं. ते सगळ्यात वाईट होतं. पेटी आता फक्त कोमट होती. ती चालू होते का, हे बघायला एक बोट पुरलं असतं. पण ते बोट पुढे जाईना. दाबलं आणि दिवा लागलाच नाही तर? न दाबता ती उभी होती, तोवर आपाचा प्रकल्प आत होता असं तरी म्हणता येत होतं.

बेड्याचा, म्हणजे अंगणाच्या फाटकाचा, आवाज झाला.

"हुदा! मिळाल्या गो!" उझमा अंगणातूनच बोलत आली. "अख्खा डबा आणलाय. दुकानदार म्हणतो, तांदळाच्या डब्यात ठेवा, दमट व्हायच्या नाहीत. फ्लॉपी काय पापड आहेत?" ती हसत खोलीत शिरली आणि थांबली. उघडी खिडकी. जमिनीवर विस्कटलेला पेंढा. पंख्याखाली उडणारं तूस. कोपऱ्यात अंग चोरून उभी असलेली हुदा.

"या अल्ला," उझमा म्हणाली. "वानर शिरला होता काय गो? चावला नाही ना तुला?"

हुदाने तोंड उघडलं. तू तिथे असतानाच हे घडतं आहे, तेव्हा नीट बघ. वानर. किती सोपं होतं. वानराने खिडकी उघडली, वानराने पेंढा उपसला, आंबे नासवले. अख्ख्या रत्नागिरीत त्यावर कुणी अविश्वास दाखवला नसता. गेमचं नाव निघालं नसतं, सुजयचं नाही, टॉवेलचं नाही.

"बोल ना. घाबरलीस काय?" उझमाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे. असा वानर पुन्हा शिरायला नको, बघ." तिने खिडकी लोटली आणि कडी घातली. पायाने पेंढा गोळा करत टेबलाखाली, परत जागेवर, पेटीच्या पाठीशी सारला. "अम्मी उद्या नीट लावील. आता मला रात्रभर बसायचंय. चार महिने एकदाचे या डब्यात गेले की मी सुटले." तिने प्लग लावला. भिंतीवरचं बटण दाबलं. खुर्ची ओढली, फ्लॉपीचा डबा उघडला आणि पेटीच्या बटणाकडे बोट नेलं.

पेंढा पुन्हा जाळीला लागला होता. खिडकी बंद होती.

ती कोपऱ्यातून सुटली. खाली पडलेला तो अर्धा उकडलेला आंबा तिने उचलला, अजून कोमट होता. आपाचं मनगट तिने बटणापासून अर्ध्या वाटेत धरलं, तळवा उलटा केला आणि आंबा त्यावर ठेवला.

"वानर नव्हता, आपा," ती म्हणाली. "मी होते. बटण दाबू नकोस. आधी ही बाजू बघ." आणि आपाचा दुसरा हात धरून तिने तिला टेबलाखाली, पेंढ्याकडे ओढलं.